सनद वेगळी, सर्टिफिकेट वेगळं

आज बोलायचं आहे कागदाबद्दल. म्हणजे कागद सांभाळणाऱ्या माणसाबद्दल, आणि "हा माणूस कागद सांभाळायला लायक आहे" असं सांगणाऱ्या दुसऱ्या कागदाबद्दल. ऐकायला रुक्ष वाटेल, पण गोष्ट आपल्या घरातली आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. जातीचा दाखला होता, पण जात वैधता काढायची होती. ओबीसीच्या वैधतेला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना तोंडपाठ असेल, कारण त्यासाठी चपला झिजवल्या आहेत. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आजोबांचं नाव सापडेना. शेवटी कोतवाल बुकात पणजोबांच्या घरी झालेल्या जन्माची नोंद सापडली. नक्कल हातात आली आणि ताई माझ्याकडे धावत आल्या. "बाई, हे काय लिवलंय? पाय वर डोकं खाली केल्यासारखी अक्षरं." ती मोडी होती.

गावात एक म्हातारे मास्तर आहेत. लहानपणी वडिलांकडून मोडी शिकलेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि दोन मिनिटांत वाचून दिलं. बापाचं नाव, जात, तारीख, सगळं. आम्ही वहीवर उतरवून घेतलं, मास्तरांची सही घेतली आणि गेलो. खिडकीतल्या बाबूंनी विचारलं, "वाचणाऱ्याकडं मोडीचं प्रमाणपत्र आहे का?" नव्हतं. मास्तरांना कुणी कधी दिलंच नव्हतं. मग शहरातला एक तरुण शोधला. त्याने कुठल्यातरी वर्गात आठवडाभर मोडी शिकून सर्टिफिकेट घेतलं होतं. त्याने पैसे घेतले, वाचून दिलं, शिक्का मारला. घरी येऊन मास्तरांच्या वहीशी ताडून पाहिलं, तर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. आडनाव चुकलं म्हणजे वैधता गेली. पुन्हा शहर, पुन्हा बसभाडं, पुन्हा एक रोजी बुडाली.

मला त्या दिवशी फार राग आला होता. एकाला येतं पण कागद नाही, दुसऱ्याकडं कागद आहे पण नीट येत नाही, आणि खिडकीला फक्त कागद दिसतो! पण रात्री विचार केला, तर खिडकीतल्या माणसाचं तरी काय चुकलं? उद्या कुणीही उठून "मला मोडी येते" म्हणाला तर त्याने कसं ओळखायचं? बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, म्हणून जुनी पुस्तकं काढून बसले. तेव्हा कळलं की हे भांडण आपल्या मुलखात शेकडो वर्षांचं आहे.

आपलं वऱ्हाड. शेजारी सिंदखेडराजा, जिजाऊंचं माहेर. लखुजी जाधवराव तिथले देशमुख होते. त्या काळी परगण्याला देशमुख आणि देशपांडे, गावाला पाटील आणि कुलकर्णी. आपल्याकडं कुलकर्ण्याला पटवारी म्हणायची जास्त सवय. देशमुख आणि पाटील बघणार माणसं आणि वसुली. देशपांडे आणि पटवारी बघणार लेखणी. कोणत्या शेताची किती पट्टी, कुणाचं शेत कुणाकडे गेलं, कुणाची बाकी राहिली, हे सगळं पटवाऱ्याच्या वहीत. ही वही कुठे असायची? त्याच्याच घरात, रुमालात बांधून. दप्तर त्याच्या माळ्यावर, आणि त्यात काय लिहिलंय ते वाचता येणारा गावात बहुतेक तोच एकटा.

त्याची लायकी कशावरून ठरायची? बापावरून. बाप पटवारी म्हणून मुलगा पटवारी. याला वतन म्हणायचे. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. वतनाची सनद मात्र असायची. सनद म्हणजे सरकारनं शिक्का मारून दिलेला हक्काचा कागद. राजा बदलला की ती पुष्कळदा नव्यानं करून घ्यावी लागे. इंग्रजांनी मुंबई इलाख्यात 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि लोकांच्या सनदा तपासायला काढल्या, तेव्हा ज्यांच्याकडं कागद नव्हता किंवा कागद खरा ठरला नाही, त्यांची इनामं गेली. म्हणजे कागद दाखव म्हणणारी खिडकी तेव्हाही होती.

बाप चांगला कारकून होता म्हणून पोरगा चांगला निघेलच असं नाही, हे तुम्हाला मी कशाला सांगू! पण त्याहून वाईट म्हणजे, हे काम ठरलेल्या घरांपलीकडं जातच नव्हतं. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराने कितीही सुंदर अक्षर काढलं तरी वही त्याच्या हाती यायची नाही. बाईचं तर नावच नको. जोतीराव फुल्यांनी 1880 च्या दशकात 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, त्यात कुलकर्ण्याच्या लेखणीनं अडाणी शेतकरी कसा नाडला जातो हे सविस्तर मांडलं आहे. पुढं 'दीनमित्र'चे संपादक मुकुंदराव पाटलांनी 'कुलकर्णी लीलामृत' नावाचं पुस्तकच लिहिलं. राग एका जातीपुरता नव्हता. ज्याची परीक्षा कुणी घेऊ शकत नाही आणि ज्याला काढताही येत नाही, असा माणूस आपल्या नोंदी लिहितो, याचा तो राग होता.

आपल्याकडं 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मोजणी झाली, नकाशे झाले. पण पाटील-पटवारी वंशपरंपरेनेच राहिले. 1900 साली वऱ्हाडासाठी पाटील-पटवाऱ्यांचा वेगळा कायदा झाला, तरी वतनाचा हक्क चालूच राहिला.

मोठा फरक पाडला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. 1918 साली त्यांनी आपल्या संस्थानात कुलकर्णी वतनं बंद केली आणि पगारी तलाठी नेमायला सुरुवात केली. त्याआधी पाटलांना कारभार शिकवायला त्यांनी शाळाही काढली होती. कुलकर्ण्यांनी विरोध केला. पण महाराज थांबले नाहीत. ज्यांना गावात विहिरीला हात लावू देत नव्हते, त्या समाजातल्या तरुणांना तलाठी नेमलं, आणि काहींना वकिलीच्या सनदा दिल्या. इथं सनद या शब्दाचा अर्थ बदलला बघा. आधी सनद म्हणजे "हे तुझ्या घराण्याचं". आता सनद म्हणजे "हे काम तू करू शकतोस, सरकार याला जामीन आहे". वकिलाच्या परवान्याला आजही आपण सनदच म्हणतो. त्याला नुसती एल.एल.बी. पास होऊन चालत नाही. बार कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्याने लबाडी केली तर बार कौन्सिल सनद काढून घेऊ शकतं. कॉलेजनं दिलेली पदवी मात्र त्याच्याकडेच राहते.

हा फरक जरा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. एक कागद सांगतो, "ही बाई आमच्याकडे शिकली." दुसरा सांगतो, "हिला येतं का ते आम्ही तपासलं, ही चुकली तर आम्हाला विचारा." पहिला देतो शिकवणारा. दुसरा द्यायला हवा न शिकवणारा.

आणि दुसरा कागद अडवून धरला की काय होतं, त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातल्याच एका बाईची आहे. कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, 1866 चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. मग विलायतेला ऑक्सफर्डला जाऊन 1892 साली कायद्याची परीक्षा दिली. परीक्षेला बसू दिलं, पण पदवी दिली नाही. बायकांना पदवी द्यायची तिथं पद्धतच नव्हती. ती पदवी त्यांना मिळाली 1922 साली. तीस वर्षांनी! मधल्या काळात भारतात येऊन मुंबईची एल.एल.बी. केली, अलाहाबादला वकिलीची परीक्षा दिली. तरी कोर्टात उभं राहायला सनद नाही, कारण बाई. त्यांनी पडद्यातल्या विधवा आणि जमीनदारणींच्या जमिनीची, वारशाची कामं पुढं वीसेक वर्षं पाहिली. म्हणजे ज्ञान होतं, परीक्षा पास होती, सर्टिफिकेटं होती, कामही करत होत्या. नव्हता तो हक्क. 1923 साली कायदा झाला आणि बायकांना वकिलीची दारं सगळीकडं उघडली. आपल्या मास्तरांना खिडकीवर पाहिलं तेव्हा मला या बाई आठवल्या. कारण वेगळं, पण उंबरठा तोच.

आता परत दप्तराकडे. स्वातंत्र्यानंतर 1950 साली मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं कायद्यानं रद्द झाली. महाराष्ट्र झाल्यावर 1966 चा जमीन महसूल अधिनियम आला आणि तलाठी हा सगळीकडं सरकारी नोकर झाला. निवडीला परीक्षा, आणि नोकरीत लागल्यावरही खात्याची परीक्षा. 2024 पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं ठरलं आहे, पण आपल्या तोंडात तलाठीच. वही त्याच्या घरातून कार्यालयात आली. आज त्या खुर्चीत कितीतरी ठिकाणी बाई बसलेली दिसते, आणि तिला पाहून कुणाला नवल वाटत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

पण या बदलात एक गोष्ट सांडली. मोडी शाळेतून गेली. जुनी दप्तरं मात्र मोडीतच राहिली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार सरदेसायांनी 1930 च्या सुमारास त्यातून निवडक कागद काढले तर 45 खंड झाले. गावोगावच्या कोतवाल बुकांचं कुणी एवढं कौतुक केलं नाही. आणि मग 2023 साली कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. एकदम सगळ्या रेकॉर्ड रूमची कुलपं उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. मराठवाड्यात तर निजामाच्या काळातले उर्दू-फारसी कागदही होते. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, शेवटी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतं. त्या प्रमाणपत्राला अचानक भाव आला. चांगलंच झालं. पण मोठी मागणी निघाली की नकली दुकानंही निघतात.

कागद सांभाळणं हे एक शास्त्र आहे, हे आपण फारसं मानत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सुरुवात 1891 साली कलकत्त्याला झाली. तिथं या कामाची शाळा आहे, वर्षाची पदविका मिळते, आणि काही आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रमही आहेत. 1993 साली केंद्रानं सार्वजनिक अभिलेखांचा कायदा केला, आपल्या राज्यानं 2005 चा केला. त्याच साली माहितीचा अधिकार आला, आणि त्याच्या चौथ्या कलमात पहिलीच गोष्ट आहे ती ही की प्रत्येक कार्यालयानं आपले कागद सूची करून नीट लावून ठेवावेत. 1980 च्या दशकात अहमदनगरचे कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतले गठ्ठे कसे लावायचे, कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता वर्षभरात काढून टाकायचा, याची घडी बसवली. जुने कर्मचारी अजून लखिना पॅटर्न म्हणतात.

एवढं सगळं आहे, पण सनद नाही. वकिलाला बार कौन्सिल आहे, नर्सला परिचर्या परिषद आहे. कागद सांभाळणाऱ्याला अशी परिषद आपल्या देशात नाही. कायदा म्हणतो अभिलेख अधिकारी नेमा. मग ज्याच्या हाती दुसरं काम नाही त्याला रेकॉर्ड रूमची किल्ली मिळते. अमेरिकेत 1975 साली अभिलेख व्यवस्थापकांना प्रमाणित करणारी संस्था निघाली. ती स्वतः वर्ग घेऊन सर्टिफिकेट वाटत नाही. तुमचं शिक्षण आणि कामाचा अनुभव बघते, मग सहा भागांची परीक्षा घेते, आणि पास झालं तरी दर पाच वर्षांनी नवीन काय शिकलात ते दाखवावं लागतं, नाहीतर नाव निघतं. तिथंही ही सक्तीची सनद नाही, पण नावापुढं ती तीन अक्षरं असली की मालकाला कळतं की हिला कुणीतरी तपासलंय.

आता म्हणाल, अमेरिकेचं आम्हाला काय! तर आपल्या गटाकडे बघा. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र कोणतं? नियमित लेखे. इतिवृत्त वही, रोकड वही, बचत-कर्जाची वही, सभासदांची पासबुकं. हे अभिलेखांचंच काम आहे. ते कोण करतं? आपली लिहिती-वाचती बाई, जिला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालंय. ते प्रमाणपत्र खोटं नाही, पण ते पहिल्या जातीचं आहे. तीन दिवस हजर असल्याचं. मागच्या बाकावर झोप काढलेल्या बाईलाही तेच मिळालं, हे आपल्याला ठाऊक आहे. (मी नावं घेत नाही.)

आपल्यातच दुसऱ्या जातीचं उदाहरण आहे ते बीसी सखीचं. तिला आरसेटीत प्रशिक्षण मिळतं, आणि परीक्षा घेते मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स, 1928 पासूनची बँकवाल्यांची संस्था. शिकवणारा एक, तपासणारा दुसरा. म्हणून ते प्रमाणपत्र बँकेत चालतं. टायपिंगचंही तसंच: क्लासवाला शिकवतो, परीक्षा राज्य परीक्षा परिषद घेते. आणि बँक कर्ज द्यायच्या आधी गटाचं ग्रेडिंग करते तेव्हा काय करते? बाईचं सर्टिफिकेट बघत नाही, वह्याच उघडून बघते. मला विचाराल तर कागदापेक्षा कामच तपासणारी ही पद्धत सगळ्यात सरळ आहे. मास्तरांपुढं कुणी एक मोडी कागद ठेवून "वाचा" म्हटलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

शेजारच्या गावातल्या एका मुलीनं मात्र 'रेकॉर्ड मॅनेजमेंट'चा तीन महिन्यांचा कोर्स केला. गटातून कर्ज काढून फी भरली. भिंतीवर लावण्यासारखं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं, वर कुठल्याशा राष्ट्रीय नावाचा गोल शिक्का. कंत्राटी जागेसाठी गेली तर त्यांनी विचारलं, "एमएस-सीआयटी आहे का? टायपिंग आहे का?" सोनेरी कागद कुणी हातातही घेतला नाही. कर्जाचे हप्ते ती अजून फेडते आहे. ती मूर्ख नव्हती. कोणता कागद कशाचा आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी समन्वयक असून माझ्याही लक्षात आलं नव्हतं. कर्जाच्या ठरावावर बाकीच्या नऊ जणींबरोबर माझ्याही डोळ्यांखालून ते गेलं होतं.

म्हणून येत्या ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येकीनं ट्रंकेतली, उशीखालची सगळी प्रमाणपत्रं आणायची आहेत. मुलाबाळांचीही. एकेक काढून बघू. यावर सही शिकवणाऱ्याची आहे की तपासणाऱ्याची? परीक्षा झाली होती का, आणि झाली तर कुणी नापास होतं का? याचा नंबर कुठे तपासता येतो का? हे मागणारं एक तरी कार्यालय आपल्याला नावानिशी सांगता येतं का? फी भरायच्या आधी विचारायचे प्रश्न आपण फी भरल्यावर विचारणार, पण चालेल. जिला काम येतं आणि कागद नाही, तिनंही यायचं आहे. कौशल्य विकास योजनेत 2015 पासून आधीच येणाऱ्या कामाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. आपल्या शिवणकामवाल्या बायांसाठी त्याची चौकशी मी करून ठेवते.

आणि मास्तर आता दर शनिवारी दुपारी ग्रामसंघाच्या खोलीत मोडी शिकवतात. फी नाही, चहा मात्र लागतो. पाच मुली येतात. त्यांना आधीच सांगून ठेवलंय की इथं सर्टिफिकेट मिळणार नाही, ते पुराभिलेख संचालनालयाच्या परीक्षेला बसून आणायचं. ज्या मुलीमुळं हे सगळं सुरू झालं ती काही या पाचांत नाही. तिची वैधता आली, आणि ती नर्सिंगच्या होस्टेलला गेली.